आधी बोट टेकव

काटोलच्या बाजारात माझ्या बाबांचं सोनारकामाचं दुकान आहे. एक ओटा, ऐरण, फुंकणी, चिमटे, कानशी आणि बाबा. नवे दागिने घ्यायला लोक आता नागपूरला इतवारीत जातात, बाबांकडे येतं ते दुरुस्तीचं काम. पैंजणाची तुटलेली कडी, नथीचा सैल झालेला फासा, मंगळसूत्राचे ओवायचे मणी. मी आज नागपुरात दिघोरीच्या बाजूला दातांचा दवाखाना चालवते. बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील कधी दाढ दाखवायला येतात आणि जाता जाता बीडीएसबद्दल, म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या पदवीबद्दल विचारतात, ‘मॅडम, बीडीएस करावं का हो?’ पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो, त्यामुळे उत्तर अर्धवट राहतं. ते पूर्ण उत्तर लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

मी ‘नीट’ दिली ती २०१७ च्या ७ मे रोजी. ७२० गुणांचा पेपर. त्यातले निम्मे गुण जीवशास्त्राचे, उरलेले निम्मे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्यात वाटलेले. जीवशास्त्र मला चांगलं गेलं, फिजिक्समध्ये मार खाल्ला. एमबीबीएस आणि बीडीएस दोन्हींची दारं याच एका परीक्षेतून उघडतात, हे अनेकांना अजून माहीत नसतं. निकालानंतर राज्याची प्रवेशप्रक्रिया असते, ती आता सीईटी कक्षाकडून होते. नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, कॉलेजांचा पसंतीक्रम आणि मग एकामागून एक फेऱ्या. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. राखीव जागेतून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला टाका. बाबांनी माझं आधीच काढून ठेवलं होतं. माझ्या एका मैत्रिणीचं निघालं नव्हतं, आणि यादी लागायच्या आठवड्यात तिचं कुटुंब अभ्यास, निकाल सगळं विसरून फक्त कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होतं.

एमबीबीएसच्या यादीत माझं नाव आलं नाही. पसंतीक्रमात बरंच खाली मी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय टाकलं होतं, तिथे नंबर लागला. हिंगण्याच्या बाजूला खासगी दंत महाविद्यालयंही आहेत, पण तिथली वर्षाची फी लाखांत जाते, ती आमच्या आवाक्यातली नव्हती. नातेवाइकांचे फोन आले. ‘म्हणजे खरी डॉक्टर नाही का?’ असं मावशीनं अगदी साधेपणानं विचारलं आणि मी दोन दिवस जेवले नाही. बाबांना बीडीएस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, ‘तिथं हातानं काम करा लागते का?’ मी म्हटलं, हो, म्हणतात तसं. ‘मंग जाय,’ म्हणाले.

नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की ऑटोवाला मेडिकल चौकात आणून सोडतो. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच आमचं कॉलेज. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे सगळं शिकावं लागतं, प्रेताचं विच्छेदनही असतं. दातांच्या डॉक्टरला पायाच्या नसा कशाला, असं सुरुवातीला वाटतं. मग एका दिवशी जबड्याचं हाड उघडलेलं असतं आणि मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेची एक फांदी त्या हाडाच्या आतल्या बोगद्यात शिरताना दिसते. खालची दाढ बधिर करायची तर हिलाच गाठायचं आहे, असं मॅडम सांगतात. त्या दिवशी पुस्तकातलं सगळं एका धाग्यात ओवलं गेलं.

पण पहिल्या वर्षाचा खरा विषय म्हणजे मेणात दात कोरणं. मेणाचा ठोकळा, एक लहानसा कोरणा आणि मापं घ्यायला व्हर्निअर कॅलिपर. वरच्या समोरच्या दाताची रुंदी ८.५ मिलिमीटर, दिसणाऱ्या भागाची लांबी १०.५, मुळाची १३. ही मापं पाठ करायची आणि ठोकळ्यातून तोच दात बाहेर काढायचा, चारही बाजूंनी, त्याच्या उंचवट्यांसकट. माझा पहिला दात खडूच्या तुकड्यासारखा सपाट झाला. दुसऱ्याचं मूळ मोडलं. सातव्यांदा सरांनी तो हातात घेतला, उजेडासमोर धरला आणि काही न बोलता परत दिला. वर्गातल्या काही मुलींचा हात उपजतच चांगला होता, त्यांचं दोन तासांत होई. मी वसतिगृहात रात्री दीडपर्यंत कोरत बसायचे. आणि प्रॅक्टिकल परीक्षा यायची ती उन्हाळ्यात. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या पुढे, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आणि मेण बोटांच्या दाबानंच वाकतंय. आम्ही ठोकळे माठातल्या पाण्यात बुडवून ठेवायचो आणि एकेक काढून कोरायचो.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो पसारा काटोलला नेला होता. दुकानात बाबांसमोर बसून सुळा कोरत होते. सुळा हा तोंडातला सगळ्यात लांब दात, मुळापासून टोकापर्यंत २७ मिलिमीटर. बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘तुयं हत्यार हवेत हाय. आधी बोट टेकव. बोट टेकवल्याशिवाय हत्यार चालवाचं नाही.’ त्यांनी माझी अनामिका धरून मेणाच्या कडेवर ठेवली आणि कोरणा फक्त अंगठा आणि दोन बोटांत राहू दिला. जोर लावायचा तो बोटांनी, खांद्यानं नाही. सुटलं तर हत्यार त्या टेकलेल्या बोटापाशी थांबतं. वर्षभरानंतर तोंडात काम करायच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘फिंगर रेस्ट’. अनामिका शेजारच्या पक्क्या दातावर टेकवायची, मगच हत्यार दाताला लावायचं, पेशंट दचकला तर हात त्याच्या डोक्याबरोबर हलतो आणि धार गालात घुसत नाही. हे मी कॉलेजच्या आधी ऐरणीपाशी शिकले होते.

दुसरं वर्ष प्लास्टरचं. ॲप्रनवर, केसांत, डब्यातल्या पोळीवर प्लास्टर. प्रोस्थोच्या, म्हणजे कृत्रिम दातांच्या विभागाच्या लॅबमध्ये कवळी करायला शिकवतात. मेणाच्या पट्टीत २८ दात रचायचे, वरचे खालच्यांशी नेमके मिळवायचे, मग मेण वितळवून काढून त्या जागी ॲक्रिलिक भरायचं आणि पाण्यात शिजवायचं. हे शिजवणं धीराचं काम आहे. पाणी सुमारे ७४ अंशांवर बराच वेळ ठेवायचं आणि शेवटी उकळवायचं, कारण ॲक्रिलिकमधला द्रव १०० अंशांच्या आसपास उकळतो आणि घाई केली की त्याचे बुडबुडे आतच अडकतात. मला सबमिशनची घाई होती. मी आच वाढवली. साचा फोडला तेव्हा गुलाबी कवळीच्या जाड भागात मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं होती. पुन्हा पहिल्यापासून. अशी सच्छिद्र कवळी खऱ्या माणसाच्या तोंडात गेली असती तर तिच्यात घाण साठली असती आणि ती लवकर तुटली असती.

त्याच वर्षी आरशात बघून काम करायला शिकतात. वरच्या मागच्या दाढा सरळ दिसत नाहीत, तोंडात छोटा आरसा धरायचा आणि आरशातल्या दाताकडे बघत हत्यार चालवायचं. पुढे जायचं म्हटलं की हात मागे जातो. पुतळ्याच्या डोक्यात बसवलेल्या दातांवर महिनाभर हे केलं तेव्हा कुठे हाताला उलटं सुलटं वाटायला लागलं. माझ्या मते बीडीएसला जाऊ की नको याची निम्मी परीक्षा इथेच आहे. हुशारी लागतेच, पण रोज तेच काम शंभर वेळा करायला कंटाळा येत नाही ना, हे स्वतःला विचारावं. मला कंटाळा येत नव्हता. एमबीबीएस हुकल्याचं दुःख कधी गेलं तो दिवस मला सांगता येणार नाही, पण ते प्लास्टरच्या त्या वर्षात गेलं.

तिसऱ्या वर्षापासून पेशंट. पहिला दात काढला तो हलणारा होता, त्यात काही विशेष नाही. पहिली खरी दाढ उमरेडच्या बाजूनं आलेल्या एका काकूंची. भाजी विकायच्या. खालची डावी पहिली दाढ, वरून पूर्ण किडलेली, मुळं घट्ट. दोन टक्के लिग्नोकेनचं इंजेक्शन, त्यात ८० हजारांत एक भाग ॲड्रिनॅलिन. अंगठ्यानं जबड्याच्या कडेचा खळगा शोधायचा, समोरच्या बाजूच्या दाढांवरून सुई आणायची, हाडाला टेकली की थोडी मागे घ्यायची, रक्त येत नाही ना बघायचं आणि हळूहळू औषध सोडायचं. मी सगळं केलं. पाच मिनिटांनी विचारलं, ‘काकू, ओठ जड झाला का?’

‘नाही जी, होता तसाच हाय.’

ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, नीट बसला नव्हता. माझ्या हाताला घाम आला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं मनगट थोपटलं. ‘पुन्हा टोच. मी कुठी नाही पळून जात.’ मागे उभ्या असलेल्या मॅडमनी सांगितलं, सुई थोडी खाली चालली आहे, वरून घे. दुसऱ्यांदा ओठ जड झाला, हनुवटीपर्यंत. दात काढणं म्हणजे ओढणं, असा बाहेर समज आहे. खरं तर आधी दाबायचं असतं. चिमटा हिरडीच्या आत खोलवर रोवायचा, मुळाच्या दिशेनं दाबत दाढ गालाकडे आणि जिभेकडे सावकाश हलवायची, म्हणजे भोवतीचं हाड थोडं थोडं पसरतं. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोट जबडा धरून असतात. हाड जागा देतं ते त्या बोटांना जाणवतं. बारा-पंधरा मिनिटांनी दाढ आली, दोन्ही मुळांसकट. कापसाची घडी अर्धा-पाऊण तास दाबून धरा, आज चूळ भरू नका, थुंकू नका, असं सांगून मी त्यांना पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात त्या मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या होत्या.

मग मार्च २०२० आला. वसतिगृह दोन दिवसांत रिकामं झालं. दात कोरायचं आमचं यंत्र मिनिटाला ३ लाखांहून जास्त फेरे घेतं आणि त्याच्यावर पाण्याचा फवारा असतो, तोंडातलं सगळं हवेत उडतं. त्यामुळे दातांची कामं सगळ्यात आधी थांबली. परीक्षा पुढे पुढे जात राहिल्या. काटोलला मी अंगाच्या साबणाच्या वड्यांवर दात कोरायचे, हाताची सवय जाऊ नये म्हणून.

दुसरी लाट ओसरताना, २०२१ च्या उन्हाळ्यात, म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे रुग्ण येऊ लागले. नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत ते खूप होते. बहुतेकांना मधुमेह, कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेलं. कित्येकांची पहिली तक्रार दातांचीच असायची. वरच्या ओळीतले चांगले, न किडलेले तीन-चार दात एकदम हलायला लागलेत. बुरशी जबड्याच्या हाडात शिरलेली असायची. जीव वाचवायला वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढून टाकावा लागे. त्यानंतर तोंड आणि नाक यांच्यामध्ये भिंतच उरत नाही. पाणी प्यायलं की नाकातून बाहेर, बोललेलं कुणाला समजत नाही.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला. प्रोस्थोमध्ये अशा रुग्णांसाठी टाळूचं भोक बंद करणारी, कवळीसारखी झाकणं बनत होती, त्यांना ऑब्च्युरेटर म्हणतात. एमडीएसचे, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे सीनिअर ती करायचे, आम्ही हाताखाली. वर्धा जिल्ह्यातल्या एका काकांच्या झाकणाचं ॲक्रिलिक भरायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी मी पाण्याच्या भांड्याजवळून हलले नाही. तापमान बघत बसले, आच वाढवायला हात गेला नाही. बसवल्यावर सीनिअरनी कडा घासून घेतल्या आणि काकांच्या हातात स्टीलचा पेला दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि सवयीनं रुमाल नाकाशी नेला. रुमाल कोरडा राहिला. त्यांनी पेला संपवला आणि पुढे केला. ‘अजून द्या,’ म्हणाले, आणि ते दोन शब्द आम्हा सगळ्यांना स्पष्ट कळले. त्यांच्या मुलीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ही गोष्ट मी मावशीला फोन करून सांगितली. तिनं पुन्हा कधी तो जुना प्रश्न विचारला नाही.

इंटर्नशिप एक वर्षाची. एकेका विभागात फिरायचं, गावोगाव शिबिरांना जायचं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांतल्या मुलांच्या समोरच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. ब्रश करत नाही म्हणून त्यांना ओरडा बसलेला असतो. ते डाग बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे, दात हाडात बनत असतानाच पडलेले, कितीही घासले तरी न जाणारे. लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी पिण्यालायक धरत नाहीत. एका शाळेत हे शिक्षकांसमोर सांगितलं तेव्हा पाचवीतल्या एका मुलीनं तोंडावरचा हात बाजूला केला.

इंटर्नशिपचा दाखला आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची कागदपत्रं मिळाली की महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करायची. त्या क्रमांकाशिवाय कुणाच्याही तोंडात हात घालायचा अधिकार नाही. १९४८ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा आला आहे आणि त्यात बीडीएसच्या शेवटी देशभर एकच परीक्षा धरलेली आहे, तेव्हा आता प्रवेश घेणाऱ्यांनी त्या नियमांकडे लक्ष ठेवावं. पुढे एमडीएस करायचं तर ‘नीट एमडीएस’ वेगळी, तीन वर्षं आणखी, नऊ शाखा. मी नाही केलं. धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग सुरू होतं आणि घराला आता माझा पगार लागत होता. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं. साध्या बीडीएसलाही पोट भरता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि हे प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगत नाही.

माझा पहिला पगार १२ हजार रुपये. सकाळी दहा ते रात्री नऊ, मधे दोन तास सुट्टी. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे त्या दवाखान्यानं दिलेच नाहीत, लेखी काही नव्हतं म्हणून मागताही आले नाहीत. नव्या मुलामुलींनो, दिवस, तास, पगार की टक्केवारी, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडम मात्र गुरू भेटाव्यात तशा भेटल्या. त्यांच्याकडे मी रूट कॅनॉल शिकले, म्हणजे कॉलेजात शिकलेलं खऱ्या वेगानं करायला शिकले. खालच्या दाढेत तीन, कधी चार नळ्या असतात, केसासारख्या बारीक, वाकड्या. त्यांच्यात २१ किंवा २५ मिलिमीटर लांबीच्या सुया फिरवून आतली सडलेली नस काढायची. एकदा वाकड्या नळीत माझी सुई तुटली. दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा आतच राहिला. मी घाबरून मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘आधी पेशंटला सांग, मग पुढचं बघू.’ मी एक्स-रे हातात घेऊन त्या गृहस्थांना दाखवला, काय झालं, काय होऊ शकतं, पुढे काय करणार, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘तुम्ही नसतं सांगितलं तर मले काय समजलं असतं?’ तुकडा बाजूनं वळसा घालून मॅडमनी ती नळी भरली. ते गृहस्थ आजही माझ्याकडे येतात.

२०२५ मध्ये स्वतःचा दवाखाना. खुर्ची १ लाख ६५ हजारांची, शिवाय कॉम्प्रेसर, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, लाइट, हत्यारांचे तीन संच, जागेचं डिपॉझिट. सगळे मिळून साडेसात लाख, त्यातले ५ लाख कर्जाचे. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी लागते. कचऱ्याचे डबे रंगाप्रमाणे वेगळे. रक्ताचा कापूस पिवळ्यात, हातमोजे लाल डब्यात, सुया पांढऱ्या, आरपार न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. माझं ऐकाल तर एकाच गोष्टीत काटकसर करू नका, ती म्हणजे निर्जंतुकीकरण. भिंतीचा रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालतो. पहिल्या महिन्यात अकरा पेशंट आले. चौथ्या महिन्यात रोज पाच-सहा. मान आणि कंबर आत्ताच बोलायला लागली आहे, म्हणून सकाळी सक्करदरा तलावाकडे चालायला जाते आणि दर पेशंटनंतर खुर्चीची उंची नव्यानं लावते.

आणि रोज खर्रा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो तो खर्रा. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण हा ठेल्यावर समोरच घोटून मिळतो. गालात धरून ठेवतात. सुपारीनं गालाची आतली त्वचा पांढरी, ताठ होत जाते, आत दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी जातात, साधारण ४० मिलिमीटर. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक तरुणांच्या तोंडात दोनही जात नाहीत. गेलेली लवचीकता पूर्ण परत येत नाही, आणि अशा तोंडात कॅन्सर व्हायचा धोका मोठा असतो. संशय आला की मी गालाचा तुकडा काढून तपासायला थांबत नाही, त्याच दिवशी चिठ्ठी देऊन कॉलेजला पाठवते. हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू नये, असं मॅडम सांगायच्या. ओरडलं की माणूस पुन्हा येत नाही.

तीन-चार महिन्यांपूर्वी एक ऑटोचालक आला, वय २६. अक्कलदाढ दुखत होती. दिवसाला आठ पुड्या. तोंड उघडायला सांगितलं तर आरसा कसाबसा गेला, यंत्र जाईना. मी पहिल्या वर्षाचा तोच व्हर्निअर काढला आणि वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजलं. १९ मिलिमीटर. त्याला विचारलं, कधीपासून असं? तो जरा वेळानं म्हणाला, ‘दोन वर्षं झाले मॅडम, पानीपुरी फोडून खातो. पूरी जातच नाही तोंडात.’ त्याला वाटत होतं, दाढेमुळेच असेल.

गालातल्या इंजेक्शनांसाठी त्याला मेडिकलच्या आवारात, माझ्या कॉलेजला पाठवलं. घरी करायचा व्यायाम मी दिला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर आठवड्याला जमेल तशी एक काडी वाढवायची. दर पंधरा दिवसांनी तो येतो, ऑटो समोर लावतो, चावी हातात फिरवत बसतो. मी अनामिका त्याच्या खालच्या सुळ्यावर टेकवते आणि माप घेते. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे आकडे आहेत, १९, २०, २०, १८. त्या अठराच्या वेळी त्यानं आपण होऊन सांगितलं की भावाच्या लग्नात खर्रा पुन्हा सुरू झाला होता. मी काही बोलले नाही, फक्त तारीख आठ दिवसांवर आणली. त्यानंतर २१, २२. गेल्या मंगळवारी २४ भरलं. त्यानं व्हर्निअर स्वतःच्या हातात घेऊन आकडा पाहिला. अक्कलदाढ अजून तिथेच आहे, तीस भरलं की काढायची ठरली आहे. पुढची तारीख त्यानं स्वतःच्या मोबाइलमध्ये लिहून घेतली, संध्याकाळी सातची, सवारी सोडून येताना.